डबीतले दोन खजूर

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो अण्णांच्या लघवीच्या रंगानं. हे वाचून कुणाला कसंसं झालं तर माझा इलाज नाही, कारण त्या दोन-तीन वर्षांतली माझी प्रत्येक सकाळ अशीच सुरू झालेली आहे. मोरीच्या कट्ट्यावर काचेची परीक्षानळी, शेजारी निळ्या औषधाची बाटली आणि स्पिरिटचा दिवा. नळीत चमचाभर औषध घ्यायचं, ड्रॉपरनं आठ थेंब टाकायचे, लाकडी चिमट्यात नळी धरून उकळी आणायची आणि ती निवेपर्यंत वाट बघायची. रंग निळाच राहिला तर लघवीत साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर बरीच, आणि विटकरी झाला तर त्या दिवशी घरात कुणी कुणाशी धड बोलायचं नाही. मी सायन्सला होते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात मी रंगाचं पहिलं अक्षर लिहायची. नि, हि, पि, वि. ओळीनं चार दिवस ‘नि’ आला की मला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटायचं. अण्णा ब्रश करता करता विचारायचे, “काय गं, आज पास का नापास?”

आता बोटाला टोचून पाच सेकंदांत आकडा दिसतो. माझ्या स्वतःच्या बोटांना गेली पाच वर्षं टोचतेय, त्यामुळे त्यातलं कौतुक संपलं आहे. चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी काम करते. सकाळी कंपनीची बस येण्याआधी आकडा बघायचा, गोळी घ्यायची, डबा भरायचा. बसमध्ये बसलं की मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं असतं, ‘रोज सात खजूर खा आणि मधुमेहाला कायमचा निरोप द्या.’ खाली हात जोडलेले आणि फुलं. पुढच्याच आठवड्यात त्याच माणसाकडून येतं, ‘खजूर म्हणजे गोड विष.’ मी दोन्ही पुसून टाकते. उत्तर द्यायला लागले तर ते अण्णांपासून सुरू करावं लागेल, आणि बस तेवढ्यात पोचते.

आम्ही दोन खोल्यांत राहायचो. एका बाजूला भिंतीपलीकडे शरीफाखालांचं घर आणि गल्लीत समोरासमोर यंत्रमागांचे कारखाने. सकाळी आठला माग सुरू झाले की खडखडाट असा भरून राहायचा की आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायला शिकलो. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे सारखं भांडण चाललंय असं वाटतं. सोमवारी आमच्या भागाची वीज जायची, माग बंद पडायचे, आणि मग आपला आवाज केवढा मोठा आहे हे आमचं आम्हालाच कळायचं. आई मंद्रूपच्या शाळेत शिक्षिका होती. सकाळी भाकऱ्या थापून, एसटी पकडून जायची ती संध्याकाळी सहाला यायची. अण्णा गावातल्या एका शाळेत कारकून. त्यांचं अक्षर इतकं चांगलं होतं की त्यांनी लिहिलेला शाळा सोडल्याचा दाखला लोक दाखल्यासाठी नव्हे तर अक्षरासाठी जपून ठेवत असतील, असं आई म्हणायची. ती कौतुकानं म्हणायची की चिडून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तेच अण्णा घरातला दिव्याचा बल्ब बदलायला आठ दिवस लावायचे.

त्यांची साखर सापडली ती चप्पल चावल्यामुळे. अंगठ्याशेजारी झालेली जखम महिनाभर ओलीच राहिली, तेव्हा डॉक्टरांनी तपासायला सांगितलं. मग यादी आली. साखर, गूळ, आंबा, केळं, बटाटा बंद, भात नावाला. डॉक्टरांनी पायाकडे बोट दाखवून आईला सांगितलं, “हा पाय टिकवायचा असेल तर ही यादी भिंतीवर लावा.” आईनं यादी भिंतीवर लावली, साखरेचा आणि गुळाचा डबा लोखंडी कपाटात ठेवला, आणि किल्ली माझ्या हातात दिली. “मी दिवसभर नसते. तुझ्याशिवाय आहे कोण? ते लई गोड बोलतील. ऐकायचं नाही.”

मी त्यांचं ऐकलं नाही. मला ते काम आवडलं, हे इथं लिहून ठेवायला हवं. त्या वयात घरातल्या मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाला मिळतो? मागच्या गल्लीतल्या माझ्या चुलत बहिणींना साधं सिनेमाला जाऊ का विचारायला हिंमत लागायची, आणि माझे वडील माझ्यापुढे उभे राहून चहात अर्धा चमचा साखर मागायचे. मी नाही म्हणायची. ते मला ‘इन्स्पेक्टरबाई’ म्हणायला लागले.

खजूर आला तो त्यांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांकडून. त्यांनी अण्णांना सांगितलं की खजूर साखरवाल्यांना चालतो, कारण ती देवानं घातलेली साखर, कारखान्यातली नाही. अण्णांना एवढंच हवं होतं. तेव्हा खजूर आतासारखा पेटीत ओळीनं मांडलेला मिळायचा नाही. दाबून दाबून घट्ट झालेला काळा गठ्ठा असायचा, दुकानदार त्यातून सुरीनं तुकडा कापून कागदात बांधून द्यायचा, आणि घरी एकेक खजूर सोडवून घ्यावा लागायचा. अण्णांनी तसा पुडा आणला आणि यादीशेजारी उभं राहून मला म्हणाले, “वाच. यात कुठं खजूर लिहिलाय? दाखव.”

“गोड आहे की नाही?”

“गोड आहे. पण अरबस्तानात माणसं खजुरावर जगतात. उंटसुद्धा खातात.”

“उंटाची लघवी कुणी तपासलीय?”

त्यावर ते इतके हसले की ठसका लागला. पुडा मात्र कपाटात गेला. तेव्हापासून अर्ज सुरू झाले. शाळेतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदाच्या पट्टीवर, त्या छापील वाटणाऱ्या अक्षरात, ‘मा. इन्स्पेक्टरबाई यांस, विषय : दोन खजूर मिळणेबाबत. अर्जदाराने काल भात खाल्लेला नाही, आज सकाळचा रंग निळा असून वर्तणूक समाधानकारक आहे. तरी दोन खजूर मंजूर व्हावेत, ही विनंती.’ खाली सही, तारीख. मी खाली शेरा मारायची. रंग हिरवा-पिवळा असला तर ‘नामंजूर’. निळा असला तर कधी ‘एक मंजूर’. तो एक खजूर ते दहा मिनिटं खायचे. बी कागदावर ठेवून म्हणायचे, “जोडपत्र.” आईला हा खेळ आवडायचा नाही. “अहो, पोरीपुढं काय हे,” म्हणायची. पण त्या घरात हसण्यासारखं तेवढंच होतं, त्यामुळे तिनं फार ताणलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला रमजान होता. शरीफाखालांकडून दरवर्षी एक दिवस ताट यायचं. कलिंगडाच्या फोडी, गरम भजी आणि वाटीभर खजूर, वर क्रोशाचा रुमाल. आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं. आई त्यात शेंगांची चटणी नाहीतर कडक भाकरी घालून द्यायची. त्या वर्षी ताट आलं तेव्हा आई घरात नव्हती आणि कॅलेंडरात ‘पि’ होता. मी फोडी आणि भजी काढून घेतली, खजुराची वाटी तशीच ठेवली आणि ताट खालांच्या दारात नेऊन दिलं. म्हटलं, “खाला, आमच्याकडं खजूर पाठवत जाऊ नका. अण्णांना साखर आहे.” खालांनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “हमारे इनकू भी है बेटा,” एवढंच म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या. त्यांचे यजमान शिलाईकाम करायचे, त्यांनाही साखर होती, हे मला माहीत होतं. पण त्यांच्या वाक्यात काही सांगण्यासारखं होतं हे मला कळलं नाही. मला वाटलं, मी काम चोख केलं.

आता श्रावणाचं सांगायला हवं. अण्णा श्रावणी सोमवार करायचे. त्यांच्या वडलांपासून चालत आलेला उपवास, संध्याकाळी सोडायचा. लहानपणी मला सोमवार आवडायचा, कारण साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या फोडी, शेंगदाण्याची आमटी, केळं, खजूर, असं रोजच्यापेक्षा दुप्पट खाणं असायचं. त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर मी जुनं कॅलेंडर काढून बघितलं, तर आदल्या वर्षीच्या श्रावणातले सगळे मंगळवार, उपवासानंतरच्या सकाळी, विटकरी. म्हणजे उपवासच मारत होता. आई म्हणाली, सोडा उपवास. अण्णा म्हणाले, “बाकी काहीही सोडेन, हा नाही.” मग मी माझ्या परीनं तोडगा काढला. उपवास करायचा, पण उपवासाचं खायचं नाही. साबुदाणा बंद, बटाटा-रताळं बंद, केळं बंद, खजूर बंद. ताक प्यायचं आणि मूठभर शेंगदाणे. आणि गोळी? गोळी चुकवायची नाही, हे तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गोळीही चुकली नाही आणि उपवासही मोडला नाही. दोन्ही नियम पाळणारं इतकं शिस्तीचं घर गल्लीत दुसरं नसेल.

पहिले दोन सोमवार काही झालं नाही. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी अण्णांच्या पिशवीत मला केळ्याची साल सापडली. मी ती आईसमोर धरली. आई थकून आली होती. अण्णा खाली बघून म्हणाले, “चुकलं. पुढच्या सोमवारी नाही खाणार.” मी म्हटलं, “शपथ घ्या.” त्यांनी घेतली.

तिसऱ्या सोमवारी सकाळी नळी निळी होती. सलग नववा दिवस. मी नऊ ‘नि’ मोजले, अण्णांना दाखवले. ते म्हणाले, “मेरिटमध्ये येणार मी.” बिनसाखरेचा चहा घेतला, गोळी घेतली आणि शाळेत गेले. श्रावणी सोमवारची शाळा अर्धी. सुटल्यावर ते देवळात जाऊन चालत घरी यायचे. मी कॉलेजातून लवकर आले होते आणि पाटावर जर्नल ठेवून बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती काढत बसले होते. वीज गेलेली, माग बंद. साडेबाराच्या सुमाराला अण्णा आले आणि चप्पल न काढता खाटेवर बसले. सदरा पाठीला चिकटला होता. मला वाटलं, ऊन.

“शैला, दोन खजूर दे.”

मी मान वर न करता म्हटलं, “अर्ज करा.”

मग कागदाचा आवाज आला. ते माझ्याच जर्नलचं मागचं पान फाडत होते. मला राग आला. पेन माझं घेतलं. मग कागद माझ्यापुढं आला. त्यावर ‘दोन ख’ एवढं होतं. अक्षरं अशी की पहिलीतल्या मुलानं डाव्या हातानं काढावीत, आणि ‘ख’ नंतर एक रेघ घसरत कागदाच्या खाली गेलेली. मी हसले. मला वाटलं, नवा डाव. म्हटलं, “अक्षर बिघडवून मंजुरी मिळत नसते,” आणि खाली लिहिलं, ‘नामंजूर’. चांगलं वळणदार लिहिलं.

तो कागद माझ्याकडं आहे. मी कुणाला दाखवत नाही आणि टाकतही नाही. ज्या माणसाचं अक्षर तापातसुद्धा हललं नव्हतं त्याचं अक्षर घसरलं, आणि मी त्यावर शेरा मारला.

अण्णा उठले आणि कपाटाशी गेले. कुलूप धरून ओढायला लागले. “दे म्हणतो ना! दे!” ते कधी ओरडायचे नाहीत. मीही उठले, किल्ली मुठीत धरली आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले, “देणार नाही! शपथ घेतलीय तुम्ही! नाटकं करू नका!” कपाट ओढता ओढता त्यांचा हात थरथरत होता. ते माझ्याकडं वळले तेव्हा त्यांची नजर माझ्यावर होती आणि नव्हतीही. मग ते कपाटाला पाठ घासत खाली बसले.

माग चालू असते तर माझं ओरडणं भिंतीपलीकडं गेलं नसतं. शरीफाखाला कणकेच्या हातानंच आल्या. दारातून अण्णांकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“कबसे ऐसा है?”

“नाटक आहे खाला. खजूर पाहिजे म्हणून.”

“नाटक? पसीना देख उनका! उपास है क्या आज? गोली लिए?”

“घेतली. सकाळीच.”

“और खाए क्या?”

“ताक.”

“या अल्ला, पोरी! शक्कर ला. जल्दी!”

साखर कपाटात होती. कपाटाला टेकून अण्णा बसले होते आणि किल्ली माझ्या हातात होती. खालांनी अण्णांना खांद्याला धरून बाजूला ओढलं. मी कुलपात किल्ली घालायला गेले, ती जाईना. रोज दहा वेळा उघडलेलं कुलूप, आणि ती किल्ली आत जाईना. खाला थांबल्या नाहीत. धावत घरी गेल्या आणि पेल्यात साखर कालवतच परत आल्या. अण्णांचं डोकं आपल्या हातावर घेतलं. “भाईसाब, पियो. थोडा थोडा. निगलो. निगलो बोल री मैं!” त्यांच्या स्वरात असा हुकूम होता की अण्णांनी गिळलं. एक घोट, मग दुसरा. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. पेला संपला तेव्हा कुठं माझी किल्ली फिरली आणि मी साखरेचा डबा हातात घेऊन उभी राहिले. खालांनी त्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“रोजेमें हमारे इनकू ऐसाइच हुआ था,” त्या म्हणाल्या. “गोली लेना और पेट खाली रखना, ये नक्को. डाक्टर बोले. मैं तेरेकू बोलने वाली थी. तू ताट वापस करके गई, मैं क्या बोलती?”

पंधरा-वीस मिनिटांनी अण्णांची नजर जागेवर आली. त्यांनी आधी खालांकडं बघितलं, मग ओल्या सदऱ्याकडं, मग घाबरून विचारलं, “उपवास मोडला का?”

“मोडा तो मोडा. आदमी तो साबूत है,” खाला म्हणाल्या, आणि पदरात बांधून आणलेले दोन खजूर बिया काढून त्यांच्या हातावर ठेवले. “ये लो. ये तो चलता ना जी तुमकू उपासकू?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. तोंडात घालायच्या आधी, हातात खजूर घेऊन, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली तेव्हा त्यांनी खाल्ले.

संध्याकाळी आई आल्यावर आम्ही तिघं डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, “सकाळी नळी कशी होती?”

“निळी. नऊ दिवस निळीच आहे.” माझ्या आवाजात तेव्हाही थोडा अभिमान असावा.

“निळी म्हणजे लघवीत साखर नाही, एवढंच. रक्तात शंभर आहे का चाळीस, हे तुझी नळी सांगत नाही.” ते रागावले नाहीत, पण आवाज दमलेला होता. असे बरेच जण त्यांनी दिवसभर पाहिले असावेत. गोळी घेतली की खायलाच हवं, उपवास करायचा असेल तर आधी मला विचारा, मी गोळीचं बघतो, हे त्यांनी आईला दोनदा सांगितलं. अण्णांनी हळूच विचारलं, “आणि खजूर?”

“खजूर औषध नाही आणि विषही नाही. गोडच आहे तो. एखादा खाल्लात तर तेवढी भाकरी कमी करा, आणि मूठ भरून खाल्लात तर माझ्याकडं येऊ नका. मात्र खिशात साखरेची पुडी आणि दोन खजूर कायम ठेवायचे. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली की आधी साखर, मागून खजूर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही कोंबायचं नाही, थेट दवाखान्यात आणायचं.”

आज माझे डॉक्टर मला यापेक्षा फार वेगळं सांगत नाहीत. खजुरात चोथा असतो, त्यामुळे तो साखरेपेक्षा जरा सबुरीनं चढतो, एक-दोन जेवणात धरून चालतात, आणि तुम्हाला किती चालतात ते तुमचं यंत्र सांगेल, एवढी भर. चित्रकलेचे मास्तर अर्धे बरोबर होते आणि मीही अर्धीच बरोबर होते. अर्ध्या माहितीवर माणूस किती ठामपणे बोलतो, हे मला त्या वर्षी घरातच बघायला मिळालं, म्हणून सकाळचे ते मेसेज मी वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खालांचं ताट मागून आणलं. त्यात शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्या घालून परत नेलं. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण त्यांनी बोटानं चटणी चाखली आणि म्हणाल्या, “इत्ता तिखट? मारती क्या मेरेकू?” त्यामुळे माझं राहूनच गेलं.

आजोबांची तपकिरीची गोल डबी होती, ॲल्युमिनियमची. मी ती घासून, उकळून घेतली. रोज सकाळी त्यात दोन खजूर आणि साखरेची पुडी घालून अण्णांच्या खिशात द्यायची. जिनं कुलूप लावलं होतं तिलाच आता रोज भरून द्यायचं होतं. संध्याकाळी आल्यावर अण्णा डबी खिडकीत ठेवायचे. मी उघडून बघायची. दोन असायचे. रोज दोन. अर्ध्या खजुरासाठी अरबस्तानातले उंट आणणारा माणूस खिशात दोन खजूर घेऊन दिवसभर फिरायचा आणि संध्याकाळी दोन्ही परत आणायचा.

अर्ज बंद झाले. मला इन्स्पेक्टरबाई म्हणायचंही बंद झालं. “शैला, चहा घेऊ का?” “शैला, हे वांगं चालेल का?” खरोखर विचारायचे, हसून नाही. मी हो म्हटलं तर घ्यायचे, नको म्हटलं तर हात मागं घ्यायचे. नळीचा रंग बहुतेक चांगला यायचा. डॉक्टर म्हणाले, छान चाललंय. आई म्हणाली, बरं झालं, सुधारले एकदाचे. मला मात्र ते बघवायचं नाही. मला त्यांनी ऐकायला हवं होतं, आणि आता ते ऐकत होते, ते मला भिऊन. बाप आपल्याला भितो हे एकदा कळलं की त्याच्यासाठी केलेल्या सगळ्या कामांचा शीण एकदम अंगावर येतो. मी एका संध्याकाळी डबी त्यांच्यापुढं धरून म्हटलं, “अण्णा, खा ना आज एक. रंग चांगला होता.” त्यांनी झाकण लावलं. “राहू दे. उद्या लागला तर?” तेव्हा मी मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसले, भांडी थोडीच होती तरी.

किल्ली मी त्याच आठवड्यात आईला परत केली होती. तिनं ती कुलपालाच लावून ठेवली. कपाट उघडंच असायचं आणि त्याला कुणी हात लावायचं नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. संक्रांतीला अण्णांनी तीळगुळाचा एक खडा हातात घेतला आणि माझ्याकडं बघत उभे राहिले, हे मी विसरलेले नाही. मग माझी बारावीची परीक्षा आली. तिच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी मी घरी येऊन पंख्याखाली आडवी पडले होते. माग चालू होते, त्या आवाजात झोप लागायला लागली होती. अण्णा आले. चप्पल काढली, डबी खिडकीत ठेवली आणि हातपाय धुवायला मोरीत गेले. मी सवयीनं उठले आणि डबी उघडली.

एकच खजूर होता.

मी हाक मारणार, तेवढ्यात झाकणात घडी करून बसवलेला कागद दिसला. पाठकोरी पट्टी. अक्षर नेहमीचं, एकही काना वाकडा नाही.

‘मा. इन्स्पेक्टरबाई यांस. विषय : एक खजूर खाल्ल्याबाबत. अर्जदाराने आज दुपारी मधल्या सुट्टीत डबीतील एक खजूर खाल्ला. घाम, थरथर, अंधारी यांपैकी काहीही नव्हते. साखरेची पुडी शाबूत आहे. केवळ खावासा वाटला. पूर्वपरवानगी घेतलेली नाही. तरी कार्योत्तर मंजुरी मिळावी, ही विनंती. सोबत : जोडपत्र.’

जोडपत्र पुडीशेजारी होतं, धुऊन पुसलेली बी.

मोरीत पाण्याचा आवाज येत होता. हातपाय धुवायला माणसाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ येत होता. मी परीक्षेचं पेन शोधलं, कागद खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि खाली लिहिलं, ‘मंजूर. रात्रीची भाकरी चतकोर कमी करावी.’ सही केली, तारीख घातली. मग कागद परत डबीवर ठेवला आणि भाकरीचं पीठ काढायला आत गेले.